मनगटावर एकमत

दर सोमवारी सकाळी सहाला वजनकाट्यापुढे रांग लागे, तशी ती त्या सोमवारीही लागली. शिराळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये चालणाऱ्या त्या वेटलिफ्टिंग अकादमीत सतरा मुली राहत होत्या आणि सतराही जणींचे वजन सर्वांसमक्ष मोठ्याने पुकारले जाई. पुकारण्याचे काम सहायक प्रशिक्षक अक्षताचे. रहिमतपूरच्या एसटी कंडक्टर धोंडिराम यांची ही मुलगी पंधरा वर्षांपूर्वी याच शेडमध्ये खेळाडू म्हणून आली होती. राज्यात दोनदा पहिली येऊन ती आता कंत्राटी पगारावर इथेच शिकवत होती.

"कस्तुरी, पन्नास सहाशे," अक्षताने पुकारले आणि ती थबकली. त्रेपन्न किलो गटातली मुलगी तीन आठवड्यांत दोन किलोंनी उतरली होती.

"जेवतीस न्हवं गं?"

"जेवते की मॅडम."

"झोप?"

"लागती."

"मॅडम, खोटं बोलतीया," रांगेतून कोणीतरी खुसखुसले. "आमच्या खोलीच्या पत्र्याला किती खिळं हायत, हिला तोंडपाठ हाय!"

मुली हसल्या. कस्तुरीही हसली. अक्षताने वहीत आकडा लिहिला आणि पुढचे नाव पुकारले, कारण हसणाऱ्या मुलीला काही झालेले नसते अशी अकादमीत सार्वत्रिक समजूत होती.

सरावात मात्र हसण्याचा उपयोग होत नाही. जमिनीवरचा बार एका दमात डोक्यावर न्यायचा, त्या उचलीला स्नॅच म्हणतात; आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायचा, त्या उचलीला जर्क. महिन्यापूर्वी ज्या साठ किलोंवर कस्तुरी नुसते अंग मोकळे करी, तेच साठ किलो आज तिच्या हातून तीनदा मागे पडले. चौथ्या वेळी ती बारसमोर उभी राहिली आणि वाकलीच नाही. डोळे उघडे, हात पावडरीने पांढरे, आणि पोरगी जागच्या जागी थिजलेली.

मुख्य प्रशिक्षक आप्पासो सर खुर्चीवरून उठले. मानवी मनाविषयी जगात पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. सरांना त्यांतला एकही वाचावा लागला नव्हता, कारण त्यांच्यापाशी एक फोन होता.

"भूपालअण्णा, नमस्कार. पोरगी ढिली पडलीया. जरा पाव्हणं बोलवा की."

ही सरांची पद्धत होती आणि तिचे यश निर्विवाद होते. मुलीची कामगिरी घसरली की सर घरी फोन करीत. घरचे त्या रविवारी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम ठरवीत. सोयरीक जमो वा न जमो, मुलीने पुन्हा बार उचलावा एवढाच हेतू. पदक नाही तर पाट, हे तिला पोह्यांच्या बशीसकट समजावून दिले जाई. भिंतीवर प्रत्येकीच्या उचलीचा आलेख लावलेला होता आणि ज्या दिवशी पाहुणे येऊन गेले त्या दिवशी त्यावर तांबडा ठिपका. ठिपक्यानंतर आठवड्याभरात रेघ बहुधा वर चढे. सरांच्या मते सिद्धान्त सिद्ध झाला होता. घराला आग लागली की लंगडाही धावतो. त्यावरून आग हे लंगडेपणावरचे औषध ठरवणारे वैद्य आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या गळ्यात आपण दर वर्षी शाल-श्रीफळासह हार घालतो.

तांबडे ठिपके अक्षता काढत असे. तिचा हात स्थिर होता, आणि ठिपके सुबक येत.

*

रविवारी सकाळी नऊला अक्षता कस्तुरीला घेऊन नदीकाठच्या तिच्या गावी पोहोचली. पोरगी नेताना आणि आणताना मॅडम सोबत हव्यात, हा सरांचा नियम होता. त्याला ते मुलींची सुरक्षितता म्हणत.

कस्तुरीचे वडील भूपालअण्णा यांचे घर नीटनेटके, दारात तुळशीशेजारी धुतलेली फरशी, आत देव्हाऱ्यापुढे तांदळाचे स्वस्तिक. शेतीऔषधांच्या दुकानाला त्यांनी आज अर्धा दिवस सुट्टी दिली होती. कस्तुरीची आई पद्माक्का लेकीला पाणी देण्याआधी तिचे तळहात पाहून हादरली. बोटांच्या मुळांशी पिवळट, टणक घट्टे उभे राहिले होते.

"आगं बया! हे हात दावणार पाव्हण्यांना?"

तिने मोरीत कढत पाणी काढले, लेकीला पाटावर बसवले आणि पाय घासायची वजरी घेऊन तिचे घट्टे खरवडायला सुरुवात केली. प्रेमाने घासत होती. मध्येच फुंकर घालत होती.

"आक्का, थांबा," अक्षता म्हणाली. "त्ये घट्टं हायत म्हणून तिला बार धरता येतोय. नवं कातडं फाटतं."

"बार काय जन्माला पुरणाराय व्हय, मॅडम? तुमाला कळायचं न्हाई आमचं. पोरीच्या जातीला हात मऊच पायजेत." आणि लागलीच, ओशाळून, "तुमी च्या घ्या. निवतोय."

अक्षताने चहा घेतला. तिने कस्तुरीकडे पाहिले. मुलगी भिंतीकडे बघत बसली होती, जणू हात दुसऱ्या कोणाचे होते.

अकराला पाहुणे आले. मुलगा जिनेंद्र पुण्यात नोकरीला, सडपातळ, अबोल. त्याच्या वाट्याचे बोलणे त्याची आत्या बोलत होती. कांद्याविना केलेले, शेंगदाणे घातलेले पोहे फिरले. कस्तुरीने पाटावर बसून नाव सांगितले, शिक्षण सांगितले.

"हात बगू तुजं," आत्याबाईंनी तळवा उलटून पाहिला, अंगठा फिरवला. "मऊ हायत की गं! आमाला वाटलं, लोखंड उचलणारीचं हात म्हंजी कुदळीचं दांडकंच. किती उचलतीस?"

"जर्कला पंच्याऐंशी."

"आनि आमचा जिनू छप्पन्न किलोचा! मांडवात तूच उचलून आणतीस म्हण की नवऱ्याला!"

सारे घर खळखळून हसले. भूपालअण्णा डोळे पुसेपर्यंत हसले. कस्तुरीही हसली, पदक गळ्यात घालून फोटोसाठी हसते अगदी तशी, आणि फोटो काढून झाल्यावर जसे मिटवते तसे तिने ते हसू मिटवले. ते मिटताना फक्त अक्षताने पाहिले.

परतीच्या एसटीत मागचे बाक मिळाले. दोन थांबे गेल्यावर कस्तुरी खिडकीकडे तोंड करून बोलू लागली.

"मॅडम, मला लग्नाचं भ्या न्हाई वाटत. पोरगा बरा हुता. पर बारखाली वाकलं की कानात पाव्हण्यांच्या चपला वाजत्यात. बार पडला की दार उघडणार. मग हात चालतच न्हाईत."

"हं."

"आनि सकाळी डोळं उघडलं की वाटतं, आज उघडलं नसतं तर बरं झालं असतं."

अक्षताने विचारले, "कवापासनं?"

"गणपतीपासनं."

"मग मला का न्हाई सांगितलंस गं?"

कस्तुरीने पहिल्यांदा मान वळवली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसा तो सरळ होता. "तुमीच सांगितलं हुतं की. रडायचं तर मोरीत रडायचं, नळ सोडून. भाईर आवाज आला न्हाई पायजे."

सांगितले होते, खरेच. जुलैत, एका हातात स्टॉपवॉच धरून. आणि अक्षताला ते वाक्य पंधरा वर्षांपूर्वी सरांकडून मिळाले होते; तेव्हा तिने ते औषधासारखे गिळले, पुढे राज्यात पहिली आली आणि सत्काराच्या भाषणात सरांचे पाय धरले. आपल्यावर झालेला अन्याय आपण पुढच्या पिढीच्या हवाली करतो तेव्हा त्याला शिस्त म्हणतो. फार प्रतिष्ठित शब्द आहे. त्याच्या आडोशाला किती पोरींचे हुंदके नळाच्या पाण्याबरोबर वाहून गेले, याची नोंद कोणत्याही आलेखावर सापडणार नाही.

*

सोमवारी पहिल्याच जड उचलीला वजरीने घासलेले कातडे फाटले. बारवर रक्त पाहून सर कडाडले, "हात घासलं कुनी? कुनी घासलं हात?" उत्तर त्यांच्या फोनमध्येच होते, पण तिथे शोधण्याचे त्यांना सुचले नाही. ज्याने पाहुणे बोलावले तो आणि जिने त्यांच्यासाठी हात मऊ केले ती, दोघेही आपापल्या जागी कर्तव्यदक्ष होते. मधल्यामध्ये फाटले ते मुलीचे कातडे.

मलमपट्टीचे निमित्त करून अक्षताने कस्तुरीला सांगलीला नेले. पट्टी झाली, आणि मग ती तिला विचारून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पन्नाशीच्या त्या बाईंनी पाऊण तास ऐकले. "मरून जावं असं वाटतं का?" हा प्रश्न त्यांनी भूक लागते का इतक्या सरळ विचारला आणि कस्तुरीने तितकेच सरळ उत्तर दिले. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, तीन महिने स्पर्धा नाही असे सांगितले, मुलीला एकटे ठेवू नका म्हणाल्या, आणि घरच्यांना कळवण्याची परवानगी तिच्याकडेच मागितली.

"सांगा," कस्तुरी म्हणाली. "माज्याच्यानं हुनार न्हाई. मॅडम सांगतील."

बुधवारी सरांच्या कार्यालयात भूपालअण्णा, पद्माक्का, सर आणि अक्षता असे चौघे बसले. शनिवारी साताऱ्याला राज्य संघाची निवड चाचणी होती. अक्षताने सारे सांगितले. पद्माक्काने पदर तोंडाला लावला.

"खेळू नको म्हणत असतील तर नको," भूपालअण्णा म्हणाले. "पर सर, कागदावर हे नको. डोस्क्याचा दवाखाना म्हणलं की सोयरीक संपली. धाकटी बी हाय माज्या पदरात."

"मी कशाला लिवू द्यीन अण्णा?" सर समजूतदारपणे म्हणाले. "कंबर लिवू. उचलणाऱ्याची कंबर जातीच."

"कंबर नको!" पद्माक्का पदराआडून म्हणाली. "उद्या बाळंतपणात अडचन येतीया म्हणतील."

"मग गुडघा."

"खाली बसाय-उठायचं असतंय सर, घरात. वाकून पाया पडायचं असतंय."

"खांदा?"

"पाणी भरायचं असतंय."

मुलीच्या शरीराची अशी तपासणी कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात झाली नसेल. कमरेचे, गुडघ्याचे, खांद्याचे सासरी काय काम असते याचा ऊहापोह करीत ती समिती अवयवामागून अवयव नापास करीत गेली. शेवटी मनगट निघाले. मनगट दुखले तरी पोरे होतात, पाया पडता येते, पोळ्या तेवढ्या जरा सावकाश लाटाव्या लागतात. मनगटावर एकमत झाले. सरांच्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर दाखला देणार होते. जे दुखत होते त्याला त्या मुलीच्या देहात जागाच नव्हती, असे चार शहाण्या माणसांनी ठरवले. चौथी अक्षता. ती गप्प बसली होती, आणि गप्प बसणाऱ्याचे मत बहुमतात मोजले जाते.

असत्याचा एक गुण मानला पाहिजे: ते ज्याच्या हाती द्यावे त्याच्या उपयोगी पडते. गुरुवारी दाखला आला. सरांनी तो वाचला, खालीवर केला आणि म्हणाले, "मनगटच हाय न्हवं? मनगटासाठी कुनी चाचणी सोडतंय व्हय? टेप लावू. उचलंल."

"सर, तिचं मनगट दुखत नाही, तुम्हाला माहिती आहे," अक्षता म्हणाली.

"मग काय गावभर दवंडी पिटू, भूपालअण्णांची पोरगी येडी झाली म्हणून? फोन लावून इचार बापाला."

बापाने फोनवर "न्हाई, न्हाई, तसं नको" एवढेच म्हटले. गोळ्याही सरांनी आपल्या कपाटात कुलूपबंद केल्या. डोपिंगमध्ये सापडेल, असे कारण दिले. बंदीच्या यादीत त्या गोळ्या आहेत की नाहीत, हे त्यांनी पाहिले नव्हते. अक्षताने पाहिले होते. नव्हत्या. कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे होती. तिने गोळ्या काढल्या, कस्तुरीचे अंथरूण आपल्या खोलीत आणले आणि रोज पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर बसली. एवढेच धाडस तिच्यात तोवर होते.

*

शनिवारी साताऱ्याच्या क्रीडा संकुलात मुलींच्या वजनाची खोली वेगळी होती. आत पुरुषांना प्रवेश नव्हता. सरांनी दाराशी अक्षताच्या हातात चिठ्ठी ठेवली: स्नॅच पासष्ट, जर्क ब्याऐंशी. भूपालअण्णा मागे बाकड्यावर डबा सांभाळत बसले होते.

खोलीत तांत्रिक अधिकारी संयोगिता मॅडम टेबलामागे होत्या. कस्तुरीचे वजन झाले. ती कपडे चढवून टेबलापाशी आली. उजव्या मनगटाला निळी टेप, गुंडाळून गुंडाळून जाड केलेली.

"पहिली उचल किती?" संयोगिता मॅडमनी विचारले.

अक्षताने मूठ उघडली. तिला फक्त 'पासष्ट' म्हणायचे होते. या पोरीला ती रोज प्रश्न विचारत आली होती: किती किलो, किती वेळा, काय खाल्लंस, पाळी कधी आली. तिच्या ध्यानात आले की एक प्रश्न कोणी कधीच विचारलेला नाही. तिलाही पंधरा वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"कस्तुरी, तूच सांग."

"काय सांगू, मॅडम?"

"तुला काय करायचंय ते."

कस्तुरीने आधी दाराकडे पाहिले. मग टेबलावरच्या पेनाकडे. खोलीतल्या दुसऱ्या दोन मुली बुटांचे बंद बांधायच्या थांबल्या.

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"मला उचलायचं न्हाई आज." आणि मग, दम घेऊन, "मनगट चांगलं हाय माजं. त्येला उगं बदनाम करू नगा."

एका मुलीला हसू फुटले आणि तिने तोंडावर हात दाबला. संयोगिता मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड वळवून पुढे सरकवले. "माघार घेता येते. कारण लिहायलाच हवं असं नाही, बाळ."

"रिकामं ठेवू," अक्षता म्हणाली. "तुझं कारण तुझं हाय. कुनाला सांगायची सक्ती न्हाई."

"न्हाई मॅडम. रिकामं ठिवलं की सर त्यात मनगट भरत्यात." कस्तुरीने पेन उचलले. पट्टीच्या हाताने अक्षरे वाकडी आली, पण वाचता येण्याजोगी आली: मानसोपचार चालू आहेत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. खाली तिने सही केली. त्याखाली अक्षताने.

दार उघडताच सर समोर होते. "लिवलं का पासष्ट?"

"नाही सर. तिने माघार घेतली."

"कुनाला इचारून?"

"तिला."

सरांचा आवाज खाली आला. तो खाली आला की अकादमीतल्या मुली भिंतीला चिकटत. "मार्चला करार संपतोय तुजा. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

"तुला मी घडवलीया, अक्षता."

"व्हय सर," अक्षता म्हणाली. "म्हणून तर मला इतकी वर्षं लागली."

भूपालअण्णा डबा हातात घेऊनच उठून आले. "मॅडम, काय केलंसा हे? कागदावर काय लिवलं? आवं, पाव्हण्यांना कळलं तर?"

"कळू द्या की, अण्णा," कस्तुरी म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "पाव्हण्यांना कळंल तवा कळंल. तुमाला कळलं का?"

शेतीऔषधांच्या बाटल्यांवर विषाचा इशारा कुठे छापलेला असतो, हे गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवणारा माणूस म्हणजे भूपालअण्णा. तीन दिवसांपूर्वी ऐकलेले त्याच्या आत आता कुठे उतरले. त्याने हातातला डबा बाकड्यावर ठेवला.

"सोमवारी अकराला डॉक्टरांकडं जायचंय," अक्षता म्हणाली. "तुमी बी यायचं, आक्कांना बी आणायचं."

"मी? मी काय सांगू तितं?"

"सांगायचं न्हाई. ऐकायचं."

आत पहिल्या गटाची नावे पुकारली जाऊ लागली. व्हरांड्यात निरनिराळ्या जिल्ह्यांचे प्रशिक्षक आपापल्या मुलींना घेऊन उभे होते; खोलीतली गोष्ट एव्हाना बाहेर आली होती. वजनाच्या खोलीत जिला हसू फुटले होते ती मुलगी अंगठ्याची टेप कुरतडत अक्षतापाशी आली. मेढ्याकडची होती, सोळा-सतराची.

"मॅडम, त्या डॉक्टर... पोरींना बगत्यात? म्हंजी, घरी न कळता?"

"बगत्यात. आधी तुझं ऐकून घेत्यात. घरच्यांना कसं सांगायचं, ते तुझ्याबरोबर बसून ठरवत्यात."

मुलीचा फोन तिच्या सरांकडे जमा होता. तिने संयोगिता मॅडमच्या टेबलावरून पेन आणले आणि कोपरापासून खाली, हातावर, अक्षता सांगेल तसे डॉक्टरांच्या फोन नंबरचे आकडे लिहायला घेतले. पाचव्या आकड्याला तिच्या सरांनी ओरडून हाक मारली. ती दचकली, पण लिहिणे तिने सोडले नाही. तिच्यामागे आणखी दोघी येऊन थांबल्या होत्या. एक जण भिंतीशी, चुकून उभी असल्यासारखी.

अक्षताने व्हरांड्याकडे तोंड केले आणि नंबर पुन्हा, वजनकाट्यापाशी पुकारावा तसा मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून सांगितला. प्रशिक्षकांच्या माना वळल्या. आपल्या मुलींपैकी कोण कोण लिहून घेते आहे, हे त्यांना मोजायचे होते. त्यांनी मोजायला सुरुवात केली. चाचणी सुरू झाल्याची घंटा वाजली, तरी मोजणी पुरी होईना.